पलीकडचा स्कॅन

ताईच्या उजव्या फुफ्फुसात डाग निघाला तो कुणी शोधायला गेलं म्हणून नव्हे. जिना चढताना धाप लागते एवढीच तिची तक्रार. तीही तिने कधी केली नव्हती, दाजींनी केली. मग हृदयाच्या डॉक्टरांनी छातीचा स्कॅन सांगितला. हृदय वाटलं होतं त्याहून जास्त थकलेलं निघालं, आणि वर हा डाग.

बटण्या तेव्हा ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. बटण्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आता कानावरचे केस पिकलेले, चष्मा लागलेला, त्याच रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात स्टोरेज सांभाळणारा माणूस. पण लहानपणी ताईच्या शिवणाच्या डब्यातलं बटण त्याने गिळलं होतं, आणि तेव्हापासून घरात त्याला दुसरं नाव उरलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात धावली होती ती ताईच. तेव्हा तिचीच वेणी दुसऱ्या कुणाला तरी घालून द्यावी लागत होती.

फुफ्फुसाच्या डॉक्टर वयाने लहान होत्या आणि बोलायला सरळ. त्यांनी पडदा ताईकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने जागा दाखवली. बरगडी जिथे वळते त्याच्या जरासं आत, पांढरट, कडा ओबडधोबड.

"हा जुना असेल तर घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "न्यूमोनिया होऊन गेला की कधीकधी असा वण राहतो. आयुष्यभर राहतो, काही करत नाही. नवा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एरवी मी सुई घालून तुकडा काढला असता. पण तुमच्या हृदयाची अवस्था बघता ते करायला माझा हात धजत नाही. यापूर्वी कधी छातीचा स्कॅन झालाय?"

"झालाय की," ताई म्हणाली. "न्यूमोनियाच झाला होता. नदीपलीकडच्या रुग्णालयात. मला त्या नळकांड्यात सरकवलं होतं आणि आत कुणीतरी सारखं सांगत होतं, श्वास रोखा, श्वास रोखा. मेला श्वास होता कुठे रोखायला?"

डॉक्टरांनी हसून कीबोर्ड ओढला. ताईचं नाव आलं, वर्ष आलं, स्कॅनची ओळही आली. त्यांनी तिच्यावर क्लिक केलं आणि वाट पाहिली. पडदा काळा राहिला, मग एक छोटी चौकट उमटली: चित्र मिळू शकत नाही.

"जुन्या रुग्णालयातली चित्रं हल्ली अशीच करतात," डॉक्टर म्हणाल्या.

ताईने मान वळवून भावाकडे पाहिलं. "हे तुझंच खातं ना रे?"

"हो," बटण्या म्हणाला. चित्र का येत नाही हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि ते आणता येईल हेही.

गोष्ट अशी होती. दोन रुग्णालयं एका व्यवस्थापनाखाली आली तेव्हा दोन्हीकडे स्टोरेजचं आपापलं जाळं होतं: डिस्कांनी भरलेली कपाटं, ती सर्व्हरशी जोडणारे स्विच आणि मधल्या काचतंतूच्या केबली. दोन्ही जाळी वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता उभी केलेली. दोघांनीही आपल्या स्विचना एकपासून क्रमांक दिले, आणि अशा जाळ्यात यंत्राचा पत्ता स्विचच्या क्रमांकावरूनच ठरतो. म्हणजे इकडे ज्या पत्त्यावर सर्व्हर, तिकडे नेमक्या त्याच पत्त्यावर जुनं कपाट. सरळ केबल टाकली असती तर दोन्ही जाळ्यांनी एकमेकांना दारातूनच परत पाठवलं असतं, आणि तिकडचे क्रमांक बदलायचे तर अख्खं रुग्णालय थांबवावं लागलं असतं.

म्हणून बटण्याने मध्ये राउटर बसवला. जाळी वेगळीच राहिली. राउटर तिकडच्या कपाटाला इकडे एक उसना पत्ता द्यायचा, आणि इकडच्या सर्व्हरला तिकडे एक. मागणी उसन्या पत्त्यावर आली की राउटर तो पत्ता पुसून खरा घालायचा आणि पलीकडे सोडायचा. उत्तर येताना तेच उलट. सर्व्हरला वाटायचं कपाट शेजारच्याच खोलीत आहे, कपाटालाही तसंच वाटायचं, आणि मधल्या नदीची दोघांनाही खबर नसायची.

पुढे अलीकडच्या वर्षांची चित्रं इकडे आणून ठेवली. त्याआधीची तिकडेच राहिली, कारण ती क्वचितच कुणी मागायचं. आणि काही महिन्यांपूर्वी जुन्या कपाटाचा कंट्रोलर, म्हणजे त्यातल्या डिस्का चालवणारा भाग, जळाला. दुरुस्तीवाला आला, नवा घालून गेला. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक कायमचं नाव येतं. नव्या कंट्रोलरचं नाव अर्थातच वेगळं होतं. राउटर अजून जुन्याच नावाची वाट बघत बसला होता. कपाट चालू, केबल चालू, राउटर चालू, आणि तरी मधली वाट बंद. दुरुस्तीवाल्याने हे कुणाला कळवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

हे सगळं त्याने संध्याकाळी ताईच्या घरी समजावून सांगितलं, कारण दाजींनी खोदून खोदून विचारलं. दाजी घड्याळं दुरुस्त करत आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल आपलं मत ठेवत.

"म्हणजे नाव बदललं की झालं," दाजी म्हणाले. "मी तर पहिल्यापासून म्हणतोय, तो वणच आहे. न्यूमोनियाचा वण. माझ्या ओळखीत एकाला तीस वर्षं आहे. रोज पोहायला जातो."

"दोन फॅब्रिक आहेत दाजी, दोन्हीकडे नोंदी कराव्या लागतात," बटण्या म्हणाला.

"काय आहेत?" ताई मशीनवरून म्हणाली. तिच्या हातात कुणाची तरी पँट होती, कमरेत घ्यायची.

"जाळी. आमच्यात त्याला फॅब्रिक म्हणतात."

"फॅब्रिक माझ्या कपाटात असतं, खालून दुसऱ्या खणात," ताई म्हणाली. "तू तारा जोडतोस. उगाच मोठेपणा सांगू नकोस."

दाजी हसले, बटण्याही हसला. त्या संध्याकाळी ताईच्या घरात डाग म्हणजे वण हे जवळजवळ ठरूनच गेलं होतं. फक्त चित्र यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी बटण्या विभागप्रमुखांकडे गेला. प्रमुख वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. नदीपलीकडची जुनी इमारत त्याच आठवड्यात रिकामी करून द्यायची होती आणि शुक्रवारी तिची वीज जाणार होती.

"त्या कपाटात आधीच दोन डिस्का गेल्यात," ते म्हणाले. "आणखी एक-दोन गेल्या की सगळंच गेलं. तिकडचं सोडून द्यायचं असं वरून ठरलंय. आणि तुम्ही आता म्हणताय की वाट परत सुरू करतो."

"सुरू झाली तर बाकीचंही ओढून घेता येईल साहेब. जेवढं निघेल तेवढं."

"हे ताईंसाठी आहे ना?"

बटण्याने मान हलवली. खोटं बोलून काय मिळणार होतं?

प्रमुखांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जा. पण बंद पडलं तर माझ्याकडे माणूस नाही, यंत्र नाही, काही नाही. हे लक्षात ठेवून जा."

जुन्या इमारतीत आता एकच बाई कामावर उरली होती. स्कॅनच्या खोलीत तिचा सगळा जन्म गेला होता, आणि रुग्णांवर डाफरायची म्हणून तिला सगळे फौजदारीण म्हणत. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, पायात गरम मोजे. तिने दार उघडलं.

"काय हो स्टोरेजवाले, आज बरी आठवण झाली आमची?"

"कपाट बघायचंय."

"बघा. आहे तोवर बघा."

मधल्या मार्गात गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या. भिंतीवर जिथे घड्याळं होती तिथे स्वच्छ गोल उरले होते. कॉम्प्युटरच्या खोलीत थंड हवेचं यंत्र गळत होतं आणि खाली ठेवलेल्या बादलीत पाणी टपटपत होतं. कपाट घरघरत होतं. हिरव्या दिव्यांच्या रांगेत नारिंगी दिवे बटण्याला आल्या आल्याच दिसले, आणि प्रमुखांनी सांगितल्यापेक्षा ते एकाने जास्त होते.

तो बादलीशेजारी स्टूल ओढून बसला. कंट्रोलरचं नवं नाव वाचून घेतलं. जुन्या इमारतीच्या जाळ्यात एक परवानगी लिहिली, की हा सर्व्हर आणि हे कपाट एकमेकांशी बोलू शकतात. मग आपल्या रुग्णालयाच्या जाळ्यात तीच परवानगी, त्याच शब्दांत. दोन्हीकडे जुळतं असं दिसलं की राउटर आपणहून वाट उघडतो. राउटरला दिसलं. उघडली. पण चित्र काही येईना.

बटण्याला घाम फुटला. कपाट आता सर्व्हरच्या बाजूला दिसत होतं, आणि सर्व्हर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. त्याने पुन्हा वरपासून सगळं तपासलं आणि कपाळावर हात मारला. राउटरने या वेळी कपाटाला वेगळा उसना पत्ता दिला होता. सर्व्हर जुन्या वळणाचा. एकदा लक्षात ठेवलेला पत्ता तो सोडत नसे. बटण्याने तो नवा पत्ता काढून टाकला, पूर्वीचाच हाताने लिहिला आणि तो कायमचा बांधून टाकला.

या खेपेला सर्व्हरने ओळख दिली. जुन्या चित्रांची यादी भराभर खाली सरकू लागली.

"जमलं," तो म्हणाला.

"जमलं?" फौजदारीण दारातून आत आली. "मग आता सगळी नेणार का?"

"नेतो. आधी एक बघतो."

शहाणपणाचं काम हे होतं की एका टोकापासून सगळं ओढायला लावायचं आणि कपाटाला दुसरा त्रास द्यायचा नाही. हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने आधी ताईचं नाव टाकलं. कपाट कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. मग ताईची छाती पडद्यावर उमटली, काप काप करून, वरून खाली. एका बाजूला न्यूमोनियाचा धुरकट पट्टा होता, तो डावीकडे. बटण्या उजवीकडे गेला. बरगडी वळते ती जागा त्याने नीट ध्यानात ठेवली होती. तो एकेक काप पुढे सरकवत तिथे पोचला.

काही नव्हतं. काळं, स्वच्छ, कुठे खोट नाही.

"नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. "डाग नाहीये! बघा ना, काहीच नाहीये इथे! कसं निर्मळ आहे!"

त्याच्या जिवात जीव आला होता. आयुष्यभर त्याने डाग नाही म्हणजे चांगलं हेच ऐकलं होतं. फौजदारीण वाकून बघू लागली. तिने चित्र पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा हात नुसता त्याच्या खांद्यावर आला.

"हा त्या वेळचा आहे," बटण्या म्हणाला, जणू तिने विचारलंच होतं. "न्यूमोनियाच्या वेळचा. तेव्हा नव्हता..."

तेव्हा नव्हता, आणि न्यूमोनियाही दुसऱ्याच बाजूला होता, म्हणजे तो वण नव्हता. म्हणजे तो नंतर आला होता. तो स्वच्छ काळा तुकडा पडद्यावर तसाच होता, आणि ज्या जागी पांढरं काही दिसावं म्हणून हा एवढा खटाटोप केला त्या जागी एक ठिपकाही नव्हता. थोडा वेळ त्याने खरंच कापांमधून वरखाली शोधलं. दुसऱ्या उजेडात बघितलं. कुठेतरी चुकून असेल, एवढासा, कणभर. नव्हता.

"बाकीचं सुरू करा," फौजदारीण हळूच म्हणाली. "ते तरी सुरू करा."

त्याने सुरू केलं.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि एकेक काप जुळवून पाहिला. मग ताईला म्हणाल्या, "हा नवा आहे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"सुई?" दाजींनी विचारलं.

"हृदयाला झेपणार नाही. ऑपरेशनही नाही. गोळ्या देता येतील, त्याने थोडं संथ होईल कदाचित. त्रास होणार नाही एवढं बघू."

दाजी खुर्चीत मागे टेकले. ज्याला तीस वर्षं वण आहे त्या माणसाचं नाव ते पुन्हा कधी काढणार नव्हते. ताईने पर्स मांडीवर सरळ केली आणि उठताना बटण्याकडे पाहिलं.

"एवढा धावलास ते हे आणायला?" ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता; लहानपणी गुडघे फोडून घरी आला की ती अशीच बोलायची. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं तशी तिने त्याचा दंड धरला. "अरे, कळलं ना एकदाचं. नाहीतर हे घरात बसून वण वण करत राहिले असते. चल, मला जिना उतरायचाय, हात दे."

जुनं कपाट दुसऱ्या दिवशी दुपारी मेलं. बटण्या जागेवर होता, पडद्यावर आकडा हळूहळू वाढत होता, आणि तो थांबला. आधी वाटलं, दम घेतंय. मग फौजदारिणीचा फोन आला. "अहो, सगळे दिवे नारिंगी झालेत." निम्म्याहून थोडी जास्त चित्रं इकडे आली होती. बाकीच्यांची नावं होती, तारखा होत्या, फक्त चित्रं नव्हती. प्रमुख म्हणाले, "चला, एवढं तरी निघालं," आणि ते मनापासून म्हणाले. शुक्रवारी वीज गेली. सोमवारी बटण्याने दोन्ही जाळ्यांतल्या परवानग्या काढल्या, उसने पत्ते पुसले आणि राउटरच्या केबली उपसून गुंडाळून ठेवल्या. काम सोपं होतं. हात आपोआप चालत होते.

पुढे एकदा तो ताईच्या उशाशी बसला असताना त्याच डॉक्टरांचा फोन आला. एका गाडी चालवणाऱ्या माणसाला असाच डाग निघाला होता. त्याचाही जुना स्कॅन नदीपलीकडचा.

"तो आला नाही डॉक्टर," बटण्या नाव ऐकून म्हणाला. न आलेल्यांची यादी आता त्याला न बघताही आठवायची.

"कुठूनच काढता येणार नाही?"

"नाही. तिकडे आता काहीच नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ताई?"

"झोपलीये."

फोन ठेवल्यावर तो हिशोब करत बसला. ताईचं चित्र आधी मागवलं, तेवढ्या वेळात किती चित्रं येऊ शकली असती? फार नाही. पण एक तरी आलं असतं. आणि ते त्या माणसाचं असतं तर त्यात काय दिसलं असतं? ठिपका दिसला असता तर तो माणूस आज सुखाने घरी गेला असता. न दिसता तर न दिसता. बटण्याला यातलं काहीच कळायचा मार्ग राहिला नव्हता, आणि त्या माणसालाही.

ताई थंडी संपता संपता गेली. शेवटपर्यंत ती उशांना टेकून काजं करत होती. मशीन झेपेना तेव्हा हाताने, हातही थरथरायला लागला तेव्हा दाजींना शेजारी बसवून, "असं नाही हो, आतल्या बाजूने घ्या," असं सांगत. गोळ्यांनी काही संथ झालं की नाही हे कुणालाच सांगता आलं नाही.

ती गेल्यावर लोक भेटायला येऊ लागले. निघताना ते जरा घुटमळत आणि ओशाळून विचारत, "त्यांच्याकडे एक पँट दिली होती." दुसरी कुणी म्हणे, "माझा परकर होता." खोलीच्या कोपऱ्यात कपड्यांचा ढीग होता आणि कशालाही चिठ्ठी नव्हती. कुणाचं काय, किती घ्यायचं, किती सोडायचं, सगळं ताईच्या डोक्यात. बटण्या आणि दाजी एकेक कपडा वर धरत. बाया ओळखून नेत, पुरुष चाचपडत. एकदा दोघे जण एकाच करड्या पँटवर अडून बसले. ती दोघांनाही होत नव्हती.

हळूहळू ढीग सरला. एक जाडसर तपकिरी कोट तेवढा उरला. डाव्या बाहीला घडी घालून टाचण्या लावलेल्या, उजवी तशीच लांब. महिना गेला, आणखी एक गेला, त्याला न्यायला कुणी आलं नाही. दाजी रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसत.

"येईल," ते म्हणत. "एवढा चांगला कोट कोण विसरतं?"

मग एक दिवस बटण्या आला तेव्हा दाजी कोट मांडीवर घेऊन, जवळचा चष्मा लावून, त्याच्या टाचण्या एकेक करून काढत होते आणि बशीत टाकत होते.

"हात पुढे कर जरा," ते म्हणाले.

बटण्याने हात पुढे केला. दाजींनी त्याला कोट चढवला, खांदे ओढून पाहिले. बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"होत नाही," दाजी म्हणाले.

"नाही," बटण्या म्हणाला. दोघांपैकी कुणालाही बाही कमी करता येत नव्हती. दाजींनी कोट काढून घेतला, घडी घातली आणि तो कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर परत ठेवला.